वाचकांचे प्रश्न : अमेरिकेची महामंदी बाजारातून आली की बँकांतून?

प्रश्न : १९२९ साली अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला आणि त्यातून महामंदी उद्भवली, असे शाळेपासून वाचत आलो आहे. आमच्या घरात दोन पिढ्या कापसाचा सट्टा झाला, त्यामुळे बाजार बसला की सटोडिये बुडतात हे समजते. पण ज्यांनी जन्मात शेअर पाहिला नव्हता असे लक्षावधी लोक त्यापायी देशोधडीला कसे लागले?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : आपली शंका रास्त आहे. बाजार पडला ही घटना मोठी खरी, परंतु एवढ्या मोठ्या अनर्थाचे सारे खापर तिच्यावर फोडता येत नाही. ३ सप्टेंबर १९२९ रोजी ‘डाऊ जोन्स’ हा तिथल्या बड्या कंपन्यांच्या शेअरभावांचा निर्देशांक ३८१ वर होता. २९ ऑक्टोबरला एका दिवसात १ कोटी ६० लाखांवर शेअर विकले गेले, आणि नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत निर्देशांक २०० च्याही खाली आला. यापुढचा भाग मात्र सहसा सांगितला जात नाही. एप्रिल १९३० पर्यंत तोच निर्देशांक २९० च्या वर चढला होता, आणि सगळे संपले, आता बाजार सावरला, असे बरेच जाणते लोक म्हणू लागले होते. जुलै १९३२ मध्ये तो ४१ वर उतरला तो त्यानंतरच्या घडामोडींमुळे.

त्या घडामोडींचे मूळ तेजीच्याच काळात सापडते. मोटारी, रेडिओ, हप्त्यांवर घेतलेली यंत्रे ही त्या दशकाची ओळख असली, तरी सुमारे चौथा हिस्सा अमेरिकन जनता शेतावर राहत होती आणि तिच्या वाट्याला ही तेजी आलीच नाही. पहिल्या महायुद्धात गव्हाला चढे भाव मिळाले म्हणून शेतकऱ्यांनी कर्ज काढून जमिनी घेतल्या. १९२० नंतर भाव उतरले, कर्ज मात्र तेवढेच राहिले. शेतमालाला आधार देणारे विधेयक संसदेने १९२७ आणि १९२८ मध्ये असे दोनदा संमत केले आणि अध्यक्ष कूलिज यांनी दोन्ही वेळा नकाराधिकार वापरला. याच दशकात पाच हजारांवर बँका बुडाल्या, त्यांतील बहुसंख्य खेड्यापाड्यांतल्या. अनेक राज्यांत बँकेला शाखा काढण्याची मुभा नव्हती. त्यामुळे गावची बँक गावच्या पिकावर उभी असे आणि पिकाचा भाव बसला की तीही बसे.

ही पडझड शहरांत पोहोचली ती १९३० च्या अखेरीस. ‘बँक ऑफ युनायटेड स्टेट्स’ ही न्यूयॉर्कमधली खासगी बँक होती आणि तिचे ठेवीदार बहुतेक ज्यू स्थलांतरित, छोटे दुकानदार व कारागीर होते. डिसेंबर १९३० मध्ये ब्रॉन्क्स भागातील एक व्यापारी आपल्याजवळचे बँकेचे शेअर विकायला शाखेत गेला. अधिकाऱ्यांनी ते न विकण्याचा सल्ला दिला. बँकेने पैसे देण्यास नकार दिला, असे त्याने बाहेर येऊन सांगितल्याचे तेव्हाच्या वर्तमानपत्रांत आले. दुपारपर्यंत शाखेबाहेर गर्दी लोटली आणि दुसऱ्या दिवशी, ११ डिसेंबरला, बँकेला टाळे लागले. चार लाखांवर खातेदारांचे पैसे अडकले. ठेवींना तेव्हा विमा नव्हता. रांगेत जो पुढे त्याला पैसे, मागच्याच्या नशिबी टाळे, हे प्रत्येकाला ठाऊक असल्याने शहाणा माणूसही रांगेकडेच धावे. धावणाऱ्यांना मूर्ख ठरवणारे लेख आजही वाचायला मिळतात. मला ते अन्यायाचे वाटतात.

अशा वेळी बँकांना रोकड पुरवण्यासाठीच १९१३ साली ‘फेडरल रिझर्व्ह’ ही मध्यवर्ती यंत्रणा निर्माण झाली होती. तिने हात आखडता घेतला. इतकेच नव्हे, तर सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णमान, म्हणजे चलन ठराविक भावाने सोन्यात बदलून देण्याची पद्धत, सोडल्यावर अमेरिकेतले सोने बाहेर जाऊ नये म्हणून तिने आपला व्याजदर दीड टक्क्यावरून साडेतीन टक्क्यांवर नेला. म्हणजे बँका धडाधड बुडत असताना पैसा आणखी महाग केला. १९३० ते १९३३ या काळात सुमारे नऊ हजार बँका बंद पडल्या आणि देशातला पैशाचा पुरवठा जवळपास एक तृतीयांशाने घटला. पैसा नाही म्हणून मागणी नाही, मागणी नाही म्हणून कारखाना बंद, अशा क्रमाने १९३३ पर्यंत दर चार कामगारांमागे एक बेकार झाला. शेअर न पाहिलेला माणूस या वाटेने बुडाला.

प्रश्न : शेतकऱ्यांनी हे सारे निमूट सोसले काय?
— एक वाचिका, स्नेहलतागंज, इंदूर

उत्तर : मुळीच नाही. १९२९ मध्ये एक डॉलरच्या आसपास असलेला गव्हाचा बुशेलचा (सुमारे २७ किलोचा) भाव १९३२ मध्ये ४० सेंटच्याही खाली गेला. आयोवा, नेब्रास्का भागांत काही ठिकाणी मका विकण्यापेक्षा शेगडीत जाळणे स्वस्त पडे. गहाण शेतांचे लिलाव सुरू झाले, तेव्हा शेजारीपाजारी जमून बाहेरच्या माणसाला बोली बोलू देत नसत. घोडा, नांगर, गाय यांवर काही सेंटांची बोली लावून सारे घेत आणि मूळ मालकाला परत करीत. जवळच्या झाडाला फासाचा दोर टांगलेला असे, म्हणजे परका गिऱ्हाईक आपोआपच गप्प बसे. एप्रिल १९३३ मध्ये आयोवातील ल मार्स येथे तर जमावाने न्यायाधीशालाच न्यायालयातून ओढून नेले, गळ्यात दोर अडकवला आणि यापुढे जप्तीचे हुकूम देणार नाही असे वदवून घेण्याचा प्रयत्न केला. न्यायाधीश बधले नाहीत. त्यांचा जीव वाचला, पण राज्यपालांना तिथे सैन्य पाठवावे लागले.

प्रश्न : अध्यक्ष हूवर हातावर हात धरून बसले आणि रूझवेल्ट यांनी देश तारला, हे कितपत खरे?
— एक विद्यार्थी, इंदूर

उत्तर : पहिला अर्धा भाग खरा नाही. हूवर यांनी बँका व रेल्वे कंपन्यांना कर्ज देण्यासाठी १९३२ च्या आरंभी सरकारी वित्तसंस्था काढली आणि सार्वजनिक बांधकामांवर खर्च वाढवला. मात्र गरजूंना केंद्राच्या तिजोरीतून थेट मदत देणे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हते, आणि अंदाजपत्रक जुळवण्याच्या आग्रहापायी त्यांनी १९३२ मध्ये, ऐन मंदीत, कर वाढवले. त्याआधी जून १९३० मध्ये हजारावर अर्थशास्त्रज्ञांचा लेखी विरोध डावलून त्यांनी आयात जकात वाढवणाऱ्या स्मूट-हॉली कायद्यावर सही केली होती. जुलै १९३२ मध्ये पहिल्या महायुद्धातील सेवेच्या भत्त्यासाठी राजधानीत ठाण मांडून बसलेल्या माजी सैनिकांच्या झोपड्या जनरल मॅकआर्थर यांच्या सैन्याने जाळल्या, तेव्हा हूवर यांची उरलीसुरली पतही गेली. नोव्हेंबरमधील अध्यक्षीय निवडणुकीत ४८ पैकी ४२ राज्ये रूझवेल्ट यांच्याकडे गेली.

गंमत अशी की प्रचारात रूझवेल्ट यांनीच केंद्राचा खर्च २५ टक्क्यांनी कापण्याचे वचन दिले होते. ते त्यांनी पाळले नाही, हे बरेच झाले. ४ मार्च १९३३ रोजी सूत्रे घेताच त्यांनी देशभरच्या बँका काही दिवस बंद ठेवल्या, तपासून उघडल्या आणि १२ मार्चला रेडिओवरून लोकांना साध्या भाषेत बँकेचा व्यवहार समजावून सांगितला. लोकांनी घरात दडवलेला पैसा पुन्हा भरला. १ जानेवारी १९३४ पासून अडीच हजार डॉलरपर्यंतच्या ठेवींना विमा मिळाला आणि ठेवीदारांच्या रांगा लागणे जवळजवळ थांबले. माझ्या मते त्यांच्या साऱ्या योजनांत ही सर्वांत टिकाऊ.

बाकीचे श्रेय तोलूनमापूनच द्यावे. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले, म्हणजे दक्षिणेतील बहुसंख्य कृष्णवर्णीय बाहेर राहिले; त्यांच्याच पक्षाच्या, दक्षिणेतील डेमोक्रॅट खासदारांच्या मतांवाचून रूझवेल्ट यांचे पान हलत नव्हते. तरीही उत्तरेतील कृष्णवर्णीय मतदार १९३६ मध्ये लिंकनचा रिपब्लिकन पक्ष सोडून त्यांच्यामागे गेले. पुढे १९३७ मध्ये अंदाजपत्रक जुळवण्याचा मोह त्यांनाही आवरला नाही. खर्चाला कात्री लागली, त्याच सुमारास फेडरल रिझर्व्हने बँकांना अधिक रोकड राखून ठेवायला लावली, आणि कारखान्यांची दारे पुन्हा बंद होऊ लागली. बेकारी खऱ्या अर्थाने हटली ती दुसऱ्या महायुद्धातील युद्धसाहित्याच्या मागणीने.