दोन नगरपालिका एकत्र झाल्या तर अग्निशामकांच्या पेन्शन फंडाचं काय होतं?
आधी कमावलेली पेन्शन सहसा बुडत नाही. दोन्ही फंडांची मालमत्ता आणि देणी नव्या पालिकेकडे जातात. खरी गोची तुटीची. एका फंडात देण्यांच्या ८०% रक्कम असेल, दुसऱ्यात ४०%, आणि देणी सारखीच असतील, तर एकत्रित प्रमाण ६०% होतं. उरलेला भार दोन्हीकडच्या करदात्यांवर. म्हणून आधी ॲक्चुअरीकडून (पेन्शनच्या भावी देण्यांचा हिशेब मांडणारा तज्ज्ञ) दोन्हींचं मूल्यांकन गुंतवणुकीवरच्या अपेक्षित परताव्याचा एकच दर धरून करून घ्यावं. एकाने ७% आणि दुसऱ्याने ६% धरला असेल तर त्या तुलनेला अर्थ नाही. जुनी सेवा सलग धरली जाईल, हे करारात हवंच. मात्र नुसती गुंतवणूक एकत्र करणं वेगळं: अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये २०१९च्या कायद्याने शिकागोबाहेरच्या फंडांचा पैसा एकत्र गुंतवायचं ठरलं, पण हिशेब स्वतंत्र आणि पेन्शनमंजुरी स्थानिक मंडळांकडेच राहिली.