'पाठवा' दाबल्यावर चक्र दिसत नाही, कारण मेन थ्रेड मोकळा नाही

तुमची अडचण मी अशी समजलो: देवगडच्या बागायतदारांसाठी आंब्याच्या पेट्यांच्या नोंदीचं अँड्रॉइड ॲप आहे. 'पाठवा' दाबलं की पेट्यांचे फोटो लहान होऊन सर्व्हरवर जातात. तेवढा वेळ स्क्रीन गोठते आणि काम चालू असल्याचं फिरतं चक्र काही दिसत नाही.

चक्राच्या कोडमध्ये दोष नाही. ते दाखवायला तुम्ही सांगितलंय, पण रंगवणार मेन थ्रेड (स्क्रीन रंगवणं आणि स्पर्शाला उत्तर देणं सांभाळणारा ॲपचा मुख्य धागा), आणि तो अजून तुमच्याच क्लिक लिसनरमध्ये, म्हणजे बटण दाबल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये, फोटो लहान करत बसलाय. तिथून सुटेपर्यंत चक्र लपवायची ओळही चालून गेलेली असते. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर एका फ्रेमला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. स्पर्शाला ५ सेकंद उत्तर मिळालं नाही, तर 'ॲप प्रतिसाद देत नाही' अशी पाटीच समोर येते.

व्ह्यूमॉडेलस्कोप.लाँच लावूनही फरक पडला नाही म्हणता, तो पडणारच नव्हता. त्याने सुरू होणारी कोरूटीन (मध्येच थांबून पुन्हा पुढे चालू शकणारं काम) मुळात मेन थ्रेडवरच सुरू होते. फोटो लहान करायचं काम विथकॉन्टेक्स्ट लावून डिस्पॅचर्स.डीफॉल्टवर (प्रोसेसरच्या जड कामांसाठीचे वेगळे थ्रेड) न्या, फाइल वाचणं आणि अपलोड डिस्पॅचर्स.आयओवर (फाइल-नेटवर्कची वाट बघण्याच्या कामांसाठीचे थ्रेड). चक्र लपवायची ओळ फायनली ब्लॉकमध्येच हवी, तो काम जमलं किंवा फसलं तरी चालतोच. नाहीतर रेंज गेली, एक्सेप्शन आलं, की चक्र फिरतच राहतं आणि माणूस ताटकळत बसतो. शोधताना असिंकटास्क आणि प्रोग्रेसडायलॉग या अँड्रॉइडच्या जुन्या क्लासेसची उत्तरं सापडतील, त्यांच्या नादी लागू नका. दोन्ही केव्हाच डेप्रिकेट झालीत, म्हणजे वापरू नका असं अधिकृतपणे सांगितलंय.

आता चक्र कधी दाखवायचं? वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी १९९३ साली मांडलेल्या मर्यादा मी अजून वापरतो: ०.१ सेकंदात झालेलं लगेच झाल्यासारखं वाटतं, १ सेकंदापर्यंत विचाराची लय तुटत नाही, १० सेकंदांपुढे लक्ष उडतं. म्हणून झटपट कामाला चक्र नकोच, नुसतं लुकलुकून त्रास देतं. अँड्रॉइडचा तयार कंटेंटलोडिंगप्रोग्रेसबार अर्धा सेकंद थांबून मगच दिसतो आणि एकदा दिसला की निदान अर्धा सेकंद टिकतो. कंपोज (स्क्रीन बनवायची अँड्रॉइडची नवी पद्धत) वापरत असाल तर हे स्वतः लिहावं लागेल. फोटोंची संख्या मात्र तुम्हाला आधीच माहीत आहे, तेव्हा तिथे गोल चक्र न ठेवता पट्टी द्या आणि खाली लिहा: '५ पैकी २ फोटो गेले'. खोटी टक्केवारी चढवून ९९ वर अडकवू नका. एकदा विश्वास उडाला की लोक पुन्हा वहीकडे वळतात.

माझा खरा आग्रह पुढच्या गोष्टीसाठी आहे. तुमचं ॲप वापरणारा माणूस संध्याकाळी मांगरात (बागेतल्या शेडमध्ये) उभा असतो, वाशी बाजाराची गाडी भरायची घाई, बोटांना आंब्याचा चीक, आणि रेंज एक काडी. त्याला पूर्ण स्क्रीनभर चक्र दाखवून अडकवून ठेवायचा आपल्याला काय अधिकार? नोंद आधी फोनमध्येच, रूम या अँड्रॉइडच्या डेटाबेस लायब्ररीतून, जतन करा, लगेच दाखवा: 'नोंद झाली, फोटो जायचे आहेत', आणि त्याला पुढच्या पेटीकडे जाऊ द्या. अपलोड वर्कमॅनेजरकडे (मागे चालणारी कामं सांभाळणारी अँड्रॉइडची लायब्ररी) सोपवा, नेटवर्क असण्याची अट घालून. ॲप बंद झालं, फोन रीस्टार्ट झाला, तरी ते काम रांगेत राहतं. अपयश आलं तर रिझल्ट.रीट्राय परत करा, म्हणजे ते थोड्या थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतं.

आणि बटण. काहीच हललं नाही की माणूस पुन्हा दाबतो, मग एकाच खेपेच्या दोन नोंदी होतात आणि हिशेबाच्या वेळी दलालाशी वाद. दाबताक्षणी बटण निष्क्रिय करा, पण तेवढ्यावर विसंबू नका. प्रत्येक नोंदीला फोनवरच यूयूआयडी (पुन्हा न येणारा एकमेव ओळखक्रमांक) द्या आणि तोच यूयूआयडी दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने नवी नोंद करू नये. पहिला प्रयत्न सर्व्हरपर्यंत पोचला, पण उत्तर वाटेतच हरवलं, असं कमजोर रेंजमध्ये सर्रास घडतं.

तपासताना घरच्या वायफायवर समाधान मानू नका. एम्युलेटरमध्ये (संगणकावरचा नकली फोन) नेटवर्कचा प्रकार एज, म्हणजे जुनं संथ मोबाइल नेटवर्क, करा, अपलोड अर्ध्यावर असताना विमान मोड लावा, मग काढा. तरीही गोठलं तर फोटो लहान करणारं फंक्शन जसंच्या तसं इथे टाका, मी बघतो.