बांध, पाऊस आणि एक टक्क्याचं वर्गमूळ

प्रिय पोरी,

आशीर्वाद. तुझं पत्र आणि पत्रकाचा मसुदा दोन्ही मिळालं. महर्षी महेश योगींच्या अनुयायांचा दावा तू त्यात मांडलायस: लोकसंख्येच्या एक टक्क्याच्या वर्गमुळाइतकी माणसं एकत्र ध्यानाला बसली, की सगळ्या समाजातली हिंसा घटते. जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ४२ लाख; तिचा एक टक्का ४२ हजार, त्याचं वर्गमूळ २०५. म्हणून रोज सकाळी २१० माणसं एकत्र ध्यानाला बसवायची, की जिल्ह्यातली भांडणं-मारामाऱ्या आपोआप उतरतील. गणित बरोबर आहे. वर्गमूळ मीच शिकवलं तुला, तेवढं समाधान मला घेऊ दे.

आता तेच सूत्र आपल्या गावाला लाव. वस्ती ३,६०० धर. एक टक्का ३६, वर्गमूळ ६. मारुतीच्या देवळात रोज संध्याकाळी हरिपाठाला याहून जास्त माणसं बसतात, माझ्या आजोबांच्या वेळेपासून बसतात. आणि गावातली भांडणं तुला ठाऊक आहेत. तू म्हणशील, ते हरिपाठ म्हणतात, महर्षींचा सिद्धी कार्यक्रम, म्हणजे त्यांच्या ध्यानाचा पुढचा अभ्यास, शिकलेले नाहीत. मान्य. मग पत्रकात ‘कोणतंही ध्यान चालेल’ असं का लिहिलंस?

हे वर्गमूळ आलं लेझरवरून. लहरी एका तालात आल्या की प्रकाशाची तीव्रता त्यांच्या संख्येच्या वर्गानं वाढते, म्हणून मोठ्या समाजाला थोडी माणसं पुरतील, असा तो तर्क. उपमा म्हणून मला आवडते. पण प्रकाश मोजता येतो. इथे डोळे मिटून बसलेल्या माणसाकडून निघून चार गल्ल्या पलीकडच्या माणसाचा राग उतरवणारं जे काही आहे म्हणतात, ते अजून कुठल्या उपकरणात सापडलेलं नाही.

तुला माझीच एक फजिती सांगतो. २००७ च्या १५ ऑगस्टला राज्यात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. पुढच्या वर्षी आपल्या समितीत मी होतो. उन्हाळाभर अर्जांचा पाऊस: याने बांध कोरला, त्याने शिवरस्ता अडवला, भावाभावांत मोजणीवरून काठ्या निघाल्या. मला वाटलं, आधी मनं शांत करावीत. मृगाच्या तोंडावर शाळेच्या पटांगणात रोज संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना आणि पंधरा मिनिटं मौन सुरू केलं. वीस-पंचवीस माणसं यायची. श्रावणापर्यंत माझी तक्रारींची वही जवळजवळ कोरी! स्वातंत्र्यदिनाच्या ग्रामसभेत मी उभा राहून मौनाच्या सामर्थ्यावर भाषण ठोकलं. खाली उतरलो तर पारावरचे एक म्हातारबा म्हणाले, “मास्तर, पानी पडना. आते भांडाले येळ कोनले शे?”

झोंबलं. पण खरं होतं. बांध कोरला जातो तो नांगरटीला. पेरणी झाली, कपाशीची निंदणी-कोळपणी लागली की ज्याचं मनगट काठी उचलणार ते कोळप्यावर असतं. रब्बीत पाण्याच्या पाळीवरून आणि रात्रीच्या लाईटीवरून पुन्हा तोंडं वाजतात. ऋतूच्या उतारावर मी माझी गाडी सोडली होती, आणि इंजिन माझंच म्हणून सांगत होतो.

दुसरी गोष्ट सांगायला आजही जड जाते. तंटामुक्त गावाचा पुरस्कार मिळावा म्हणून त्या महिन्यांत आम्ही दोन-तीन अर्ज ‘घरातल्या घरात मिटवा’ म्हणून परत पाठवले होते. मोजणारेही आम्हीच, बक्षीस घेणारेही आम्हीच.

या दोन चुका डोळ्यापुढे ठेवून तू दिलेले दाखले वाच. वॉशिंग्टनचा प्रयोग १९९३ चा: ७ जून ते ३० जुलै, शेवटी शेवटी सुमारे ४,००० ध्यानी. हिंसक गुन्हे २३ टक्क्यांपर्यंत घटले, असं पुढे छापून आलं. पण कशाच्या मानानं घटले? ध्यान नसतं तर इतके गुन्हे झाले असते, असा जो अंदाज सूत्रानं काढला, त्याच्या मानानं. अंदाज बदलला की घटही बदलते. त्या सबंध वर्षात शहरात ४५४ खून झाले, आदल्या वर्षी ४४३. आणि प्रयोगाचे प्रमुख जॉन हेगेलिन हे महर्षींच्याच विद्यापीठातले. १९९४ मध्ये त्यांना शांततेचा इग्नोबेल मिळाला. नोबेलची ती नक्कल आहे, हसवण्यासाठी दिली जाते. तू मसुद्यात तो ‘पुरस्कार’ म्हणून घातलायस, तेवढा आजच काढ.

जेरुसलेममधल्या सामूहिक ध्यानाचा अभ्यास जास्त गंभीर, तो उडवून लावू नकोस. १९८३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरातला, संघर्षाचाच अभ्यास करणाऱ्या नामांकित नियतकालिकात १९८८ साली आला. संपादकांनी वेगळी टीप जोडून छापला, आणि १९९० मध्ये त्याच नियतकालिकात फिलिप श्रॉड्ट यांनी त्याच्या पद्धतीवर टीका केली. माझी अडचण साधी आहे: कोणत्या दिवशी किती माणसं बसतील हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं. ज्या दिवशी माणसं जास्त जमली, त्या दिवशी जमण्याजोगी शांतता आधीपासूनच असेल तर? आपल्या हरिपाठालाही गावात राडा झाला त्या संध्याकाळी कोण येतं?

ध्यानाशी माझं वैर नाही. मी स्वतः पहाटे बसतो. १९९४ मध्ये तिहार तुरुंगात हजारावर कैदी विपश्यनेला बसले, ते मला मोलाचं वाटतं. तिथे बदल अपेक्षित होता तो बसणाऱ्यात. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, साने गुरुजी लिहून घेत. धुळ्यातली गुन्हेगारी त्यामुळे किती टक्क्यांनी घटली, हे विचारावं असं कोणाला सुचलं नाही. तुझं पत्रक सांगतं की जो बसलाच नाही, ज्याला तुमचा पत्ताही नाही, त्याचा हात थांबेल. हा दावा फार मोठा आहे, पोरी, आणि त्यावर माझं नाव घालू नकोस. सतरंजीवर जागा ठेव, मी येईन.

तरीही करून बघायचंच असेल तर गावापुरतं कर. कोणते आठवडे बसायचं ते नाणं उडवून ठरव. पेरणी-कापणी बघून नको. भांडण कशाला म्हणायचं ते आधी लिही, आणि मोजायला असा माणूस घे ज्याला तुमचे आठवडे माहीत नाहीत. शेजारचं एखादं गाव तसंच मोजत ठेव. वर्षभर तरी. आणि काहीच फरक दिसला नाही तर काय जाहीर करशील, ते आजच एका कागदावर लिहून माझ्याकडे पाठव. हे जमवताना, मोजणीवरून ज्यांच्यात काठ्या निघाल्या होत्या, त्या दोघा भावांकडे मात्र जाऊन ये. त्यांच्या बांधाची मोजणी शेवटी भूमी अभिलेखच्या माणसाला आणून, दोघांना एका खाटेवर बसवून झाली होती. त्याला तीन दुपारी आणि पुष्कळ चहा लागला.

माझी ती कच्ची वही अजून ट्रंकेत आहे. आखाजीला येशील तेव्हा घेऊन जा, महिन्यावार मोजून बघ. पहिली चार पानं वाळवीनं खाल्लीत, पण वैशाख शाबूत आहे.

तुझा,
मास्तर