बोजा वारसावर येतो का?

गंभीर अपघातातून वाचलेली तरुण माणसे अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारतात: मार माझ्या शरीराला लागला, पण त्याने माझी जनुके बदलली असतील तर ते माझ्या लेकरात उतरेल का? परभणी जिल्ह्यातील एका शेतकऱ्याची हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

सोयाबीनच्या मळणीत त्याचा डावा हात यंत्रात गेला आणि कोपराखालून काढावा लागला. त्या गोष्टीला दोन वर्षे झाली होती. शर्टाची रिकामी बाही दुमडून सेफ्टी पिनेने लावलेली होती आणि खिशात पत्नीच्या सोनोग्राफीचा कागद चार घड्या घालून ठेवला होता. तिला पाचवा महिना लागला होता. "मॅडम, नसलेली बोटं रातीला ठणकतेत. डॉक्टर म्हनले, मेंदूत नोंद राहती. मोबाईलवर दाखवलं, जनुकावर बी राहती. मग लेकरात जाईलच की."

ही भीती निराधार आहे असे सांगून मी त्याची बोळवण केली नाही, कारण तिचा अर्धा भाग खरा होता. २०११ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी गंभीर जखमींच्या पांढऱ्या रक्तपेशी तपासल्या, तेव्हा त्यांच्या सुमारे ८० टक्के जनुकीय कामकाजात उलथापालथ झालेली आढळली. २०१३ मधील एका अभ्यासात, चेतातंतूला इजा झालेल्या उंदरांच्या मेंदूच्या पुढच्या भागात डीएनएवरील मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा सहा महिन्यांनंतरही कमी दिसल्या; मात्र त्यांच्या पिंजऱ्यात हालचालीला आणि खेळायला अधिक वाव दिल्यावर वेदना कमी झाली आणि हे बदलही मागे फिरले. त्याची वेदना खोटी नव्हती, हे त्याला कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवे होते, आणि ते मी सांगितले.

मग सातबाऱ्याची उपमा दिली. बोजा चढला म्हणून गट नंबर बदलत नाही की क्षेत्र घटत नाही. तशी डीएनएची अक्षरे तीच राहतात, त्यांच्यावर रासायनिक नोंदी चढतात आणि त्यांतील काही उतरतातही.

"पन बोजा तर वारसावर येतोच," तो म्हणाला.

माझी उपमा तिथे अडली, आणि त्याची खरी भीती तीच होती. शुक्राणू आणि बीजांड ज्या पेशींपासून घडतात त्या पेशींमध्ये, आणि पुन्हा गर्भ रुजण्याच्या सुमारास, अशा बहुतेक नोंदी पुसल्या जातात. पितृबीज घडायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणजे हे बाळ ज्या बीजापासून वाढत होते ते अपघातानंतर बऱ्याच काळाने तयार झाले होते. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या कान टोचतात, तरी टोचलेल्या कानाचे लेकरू जन्मत नाही, हे त्याला लगेच पटले. उंदरांमध्ये बापावरील ताणाचे काही परिणाम पिल्लांत दिसल्याचे प्रयोग आहेत, हेही मी लपवले नाही. परंतु माणसात बापाची दुखापत अशा नोंदींवाटे अपत्यात उतरते हे सिद्ध झालेले नाही.

गर्भाने स्वतः सोसलेल्या गोष्टींचा पुरावा मात्र अधिक ठोस आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, आणि त्या काळात आईच्या पोटात असलेल्यांपैकी काहींच्या डीएनएवरील खुणा सहा दशकांनंतरही त्यांच्या भावंडांपेक्षा वेगळ्या आढळल्या. म्हणून मी विचारले, "घरात तुमच्या पत्नी वेळेवर जेवतात का?" त्याला माहीत नव्हते. गेले दोन महिने तो शेतातल्या आखाड्यावर झोपायला जात होता. रात्री ती एकटीच, उरलेसुरले खाऊन निजत होती. मला त्याच्या जनुकांपेक्षा या दोन महिन्यांची काळजी अधिक वाटली.

नसलेल्या हाताच्या वेदनेसाठी त्याला आरशासमोरचे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवले आणि पुढच्या वेळी पत्नीला सोबत आणायला सांगितले.

ती आली. जनुकांबद्दल तिने काहीच विचारले नाही. "लेकराला घेतेल का हे? अजून मला बी तो हात बघू देत नाहीत," एवढेच ती म्हणाली. मी कपाटातली गोधडी काढून तिची बाळाएवढी वळकटी केली आणि त्याच्यापुढे धरली. मान उजव्या तळव्यात घेता आली, पण खालचा भाग घसरू लागला. डावा कोपर वाकवून आधार द्यायचा, तर लोंबती बाही आड येत होती. त्याने वळकटी पत्नीच्या मांडीवर ठेवली, सेफ्टी पिन काढली, बाही कोपराच्या वर सारली आणि ती पुन्हा उचलून घेतली.