'हॉल': ओढणं आणि ओढून हाती आलेलं

प्रश्न असा आहे: शब्दकोशात 'हॉल' (haul) या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ 'जोर लावून ओढणे' असा दिलेला असतो; मग क्रिकेटच्या 'फाइव्ह विकेट हॉल'मध्ये गोलंदाज नेमकं काय ओढतो?

उत्तरासाठी मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरची रापण डोळ्यांसमोर आणा. होडीतून समुद्रात अर्धवर्तुळात जाळं सोडतात आणि किनाऱ्यावर दोन्ही टोकांचे दोर धरून माणसं ते ओढत राहतात. हे ओढणं म्हणजे अस्सल 'हॉल'. वजन मोठं, अंतर लांब, काम दमाचं. एका झटक्यात ओढलं तर इंग्रजीत 'यँक', म्हणजे आपला हिसका. लहान मुलानं आईचा पदर खेचला तर 'टग'. जमिनीवरून फरफटत नेलं तर 'ड्रॅग'. 'हॉल'मध्ये भार आणि चिकाटी दोन्ही हवीत.

पुढे याच शब्दाचं नाम झालं. एकदा जाळं ओढणं म्हणजे एक हॉल, आणि त्या ओढण्यात मिळालेली मासळी तीही हॉल. क्रियेचं नाव तिच्या फळाला मिळालं. नंतर मासळीच्या जागी काहीही आलं: चोरांची लूट, कस्टम्सनं पकडलेलं सोनं, खेळाडूंची पदकं, गोलंदाजाचे बळी. म्हणजे गोलंदाज काही ओढत नाही; त्याच्या जाळ्यात काय गवसलं ते मोजलं जातं. मुंबईत जन्मलेल्या एजाझ पटेलनं न्यूझीलंडकडून खेळताना डिसेंबर 2021 मध्ये वानखेडेवर एकाच डावात 119 धावांत दहाही बळी घेतले, तो 'टेन विकेट हॉल'. यूट्यूबवर खरेदीच्या पिशव्या उघडून दाखवतात, ते 'हॉल व्हिडिओ'ही याच अर्थाचे.

मराठीत या सगळ्यांना एकच प्रतिशब्द शोधू नये, असं मला ठामपणे वाटतं. पोलिसांच्या हाती लागतं ते 'घबाड', पदकांची होते ती 'लयलूट', गोलंदाज 'टिपतो' ते बळी. हे शब्द जागच्या जागी इतके चपखल आहेत की तिथे 'हॉल' आणायची गरजच नाही.

'लाँग हॉल'ची वाट मात्र वेगळी. तिथे मिळकत नाही, ओझं ओढून न्यायचं अंतर आहे. अमेरिकेत 1887 च्या आंतरराज्य व्यापार कायद्यात रेल्वेसाठी 'लाँग अँड शॉर्ट हॉल'चं कलम होतं: त्याच मार्गावर, त्याच दिशेनं, तशाच परिस्थितीत जवळच्या अंतराला लांबच्या अंतरापेक्षा जास्त भाडं आकारायचं नाही. आज विमानांनाही 'लाँग हॉल' म्हणतात. आपल्या रेल्वेच्या 'लांब पल्ल्याच्या गाड्या' हा प्रयोग त्याला तंतोतंत जुळतो. 2020 पासून कोविडची लक्षणं महिनोन्महिने न सुटलेले रुग्ण स्वतःला 'लाँग हॉलर' म्हणवू लागले. इथे 'पल्ला' सोसण्याचा झाला.

'ओव्हरहॉल' हा जहाजावरचा शब्द. कप्प्यांमधून (पुलींमधून) ओवलेले दोर ओढून मोकळे करायचे, त्या निमित्तानं तपासायचे. त्यातून कसून तपासणी आणि मग दुरुस्ती असा अर्थ आला. माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यात डब्यांचं ठरावीक मुदतीनं होतं ते हेच. गॅरेजवाला 'इंजिनचं काम काढलं' म्हणतो तेही हेच.

एका बाबतीत दोन्ही भाषा आपसूक जुळतात. इंग्रजीत एखाद्याला कोर्टात 'हॉल' करतात, मराठीत 'कोर्टात खेचतात'. दोन्हीकडे त्या माणसाची यायची इच्छा नसते.

लिहिताना एक काळजी घ्यावी. सभागृहाचा 'हॉल' (hall) आणि हा 'हॉल' यांची इंग्रजी अक्षरं वेगळी असली, तरी उच्चार सारखा आणि देवनागरीत रूपही एकच. त्यामुळे 'भारताचा मेडल हॉल' असा मथळा वाचून पदकं ठेवायची खोली डोळ्यांपुढे येते. तिथे सरळ 'पदकांची लयलूट' लिहावं, आणि आकडा मोजकाच असेल तर 'पदकांची कमाई'.