बोअरच्या पाण्याच्या टाकीत तुरटी टाकली तर पाणी मऊ होतं का? सॉफ्टनरमध्ये घरचं मीठ चालतं का?

नाही होत. तुरटीने पाणी निवळतं, मऊ होत नाही, म्हणजे त्यात विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचा जडपणा (हार्डनेस) जात नाही. मिठाचं नंतर सांगतो.

तुम्ही लिहिलंय की वाघोलीकडच्या नव्या सोसायटीत राहता, शॉवरची भोकं बुजलीत, बिल्डरने दिलेला सॉफ्टनर (पाणी मऊ करायचं यंत्र) बंद पडून आहे आणि कमिटीतलं कोणीतरी तुरटी सुचवतंय. हे वाचून गप्प बसणं मला शक्य नव्हतं. माझी उभी नोकरी भोसरीत बॉयलर हाउसमध्ये गेली. तिथे बॉयलरला जाणाऱ्या पाण्याचा हार्डनेस वाढला की आधी शिफ्टवाल्याची झाडाझडती व्हायची. त्यामुळे सोडा, मीठ, फॉस्फेट यांच्याबद्दल मला कोणी व्हॉट्सॲपवरचं ज्ञान सांगू नये.

आमच्या सोसायटीतही हेच झालं. सॉफ्टनर चालू होता, पाणी ठीक होतं. मग नवे खजिनदार आले, बँकेतून निवृत्त झालेले. महिन्याच्या खर्चात त्यांना ‘मीठ, 50 किलोच्या गोण्या’ असं दिसलं आणि त्यांनी भर सभेत विचारलं, “आपण काय लोणची घालतो का?” सगळे हसले. गोण्या बंद झाल्या. रविवार पेठेतून तुरटीचे खडे आले आणि फडक्यात बांधून टाकीत सोडले गेले. मी म्हटलं, काका, याने काही होणार नाही. तर म्हणे, “अहो, पेशव्यांच्या काळापासून तुरटी चालत आलीये.” मी म्हटलं, पेशव्यांच्या वाड्यात गिझर नव्हते. तिथून आमचं बोलणं जे बंद झालं ते झालंच.

पावसाळ्यात नदीचं गढूळ पाणी असेल तर तुरटीसारखी वस्तू नाही. पाण्यात तिच्यातल्या ॲल्युमिनियमचा चिकट साका होतो, त्यात मातीचे बारीक कण अडकतात आणि सगळं तळाशी बसतं. पण बोअरचं पाणी मुळात स्वच्छ दिसतं. त्यातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पुरता विरघळलेला असतो, तो साक्यात अडकणार कसा? उलट तुरटी पाण्यातल्या बायकार्बोनेटशी लढते आणि त्याच्या जागी सल्फेट ठेवून जाते. कॅल्शियम तिथेच, एकूण हार्डनेस तेवढाच. फक्त उकळून जाणारा जडपणा होता तो न जाणारा होतो. बॉयलरमध्ये सल्फेटचा थर बसला की तो ॲसिडलाही सहज दाद देत नाही. अर्थात फडक्यातल्या चार खड्यांनी तेवढंही झालं नसेल.

व्हायचं तेच झालं. एकेका फ्लॅटमधले गिझरचे एलिमेंट जायला लागले. मग वार्षिक सभेत मी हार्डनेसचं किट घेऊन गेलो. दोन ग्लास घेतले. एकात तुरटीच्या टाकीचं पाणी, दुसऱ्यात इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर. दोन्हींत तेच थेंब टाकले. पहिला ग्लास वाइनसारखा लाल, म्हणजे जड पाणी; दुसरा निळा, म्हणजे मऊ. याहून सरळ पुरावा कोणता द्यायचा? खजिनदार म्हणाले, “थेंब तुम्हीच आणलेत.” त्यात दुसऱ्या एका सभासदाने खिशातून टीडीएसचं, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजायचं, पेन काढलं आणि सॉफ्टनर चालू होता तेव्हाही आकडा एवढाच यायचा, म्हणजे तो कुचकामीच होता, असं जाहीर केलं. अहो, येणारच! सॉफ्टनर क्षार काढत नाही, बदलतो. कॅल्शियम घेतो, सोडियम देतो. टीडीएसच्या पेनाने हार्डनेस मोजणं म्हणजे वजनकाट्यावर ताप बघणं. सभेचा वृत्तांत काय लिहिला गेला? ‘तुरटीचा प्रयोग समाधानकारक.’ ते पान अजून फायलीत आहे.

आता तुमचं मीठ. सॉफ्टनरमधल्या रेझिनच्या मण्यांवर सोडियम बसलेला असतो. पाणी जाताना कॅल्शियम तिथे चिकटतो आणि सोडियम सुटतो. मणी भरले की साधारण 10 टक्क्यांचं मिठाचं पाणी हळूहळू, अर्धा तास तरी, सोडायचं. सोडियमच्या गर्दीपुढे कॅल्शियमला उठावं लागतं. मग खारटपणा जाईपर्यंत धुवायचं. रेझिनच्या लिटरमागे 100 ते 150 ग्रॅम मीठ धरा. नळाला पाणी खारट लागलं तर धुणं अर्धवट झालंय, त्यात मिठाचा दोष नाही.

घरचं पुडीतलं मीठ चालतं. आयोडीनने रेझिन खराब होतं हे थोतांड आहे. ते असतं दहा लाखात 15 ते 30 भाग, त्याने काय होणार? पण ते महाग पडतं आणि बारीक असल्याने टाकीच्या तळाशी गच्च बसतं. इंडस्ट्रियल खडे मीठ घ्या, पण धुतलेलं. मळकट गोणी स्वस्त मिळते, तिच्यातली माती मण्यांवर जाऊन बसते. मीठ नवीन असेल तर मूठभर बादलीत विरघळवून बघा, तळाला चिखल दिसला तर परत पाठवा.

धुण्याचा सोडा मात्र खरंच पाणी मऊ करतो, कॅल्शियमची पांढरी भुकटी करून खाली बसवतो. म्हणूनच तो कपड्यांच्या पावडरीत असतो. पण लिटरला 500 मिलिग्रॅम हार्डनेस असेल तर हजार लिटरला अर्ध्या किलोच्या वर सोडा लागेल, मॅग्नेशियमसाठी चुना वेगळा आणि तळाला गाळ साठेल तो काढणार कोण? बादलीपुरता ठीक, टाकीत नको.

खाण्याचं मीठ संपलं म्हणून ही गोणी स्वयंपाकघरात नेऊ नका. कारखान्यात मीठ, सोडा ॲश, फॉस्फेट, नायट्राइट सगळं पांढरंच, गोण्याही सारख्या. सोडियम नायट्राइट गंज थांबवायला वापरतात, दिसायला हुबेहूब मीठ, आणि पोटात गेलं तर माणूस दगावतो. आमच्याकडे चिठ्ठी फाटलेली गोणी कोणी उघडायची नाही असा नियम होता.

हेही सांगायला हवं. दर 100 मिलिग्रॅम हार्डनेस काढला की लिटरमागे 46 मिलिग्रॅम सोडियम वाढतो. रक्तदाबवाल्यांनी सॉफ्टनरचं पाणी पिऊ नये, स्वयंपाकघराची लाइन वेगळी ठेवा. कुंड्यांना ते घालू नका आणि धुताना निघणारं खारं पाणी बागेत सोडू नका. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर सॉफ्टनरच्या आधी त्याचा बंदोबस्त करा, नाहीतर मणी वाया जातील. आणि हार्डनेस तपासून घ्या आधी. पिण्याच्या पाण्याच्या मानकात लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. तुमचं 200 च्या आत असेल तर सॉफ्टनर कशाला चालवताय? गिझरचा काटा 50-55 वर ठेवा, थर कमी बसेल.

कमिटीत तुरटीवाला बोलायला लागला की वाद घालू नका. आदल्या महिन्यात सोसायटीत किती एलिमेंट बदलले त्यांची बिलं गोळा करा आणि मिठाच्या गोण्यांच्या बिलाशेजारी ठेवा. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला थेंबांचा रंग पटत नाही, बेरीज पटते. आमच्याकडे पुढच्या कमिटीने गोण्या पुन्हा चालू केल्या त्या अशाच. वृत्तांतातलं ते वाक्य मात्र कोणी खोडलेलं नाही, आणि मी दर वर्षी सभेत तो विषय काढतो.