लिस्बनहून एका दिवसात ओबिदुशचा चॉकलेट महोत्सव पाहून येता येईल का? काय बघावं, काय विकत घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की मार्चमध्ये लिस्बनला आहात, सोबत आई-वडील आणि आठ वर्षांची मुलगी आहे, एकच दिवस मोकळा आहे आणि तिथून घेतलेलं चॉकलेट पुण्यापर्यंत धड पोचायला हवं. जमेल, फक्त वार आणि वेळ नीट निवडा.

आधी एक अपेक्षा दुरुस्त करून घ्या. गाव जुनं आहे, महोत्सव नवा. राजा दिनिशने १२८२ मध्ये हे गाव राणी इझाबेलला आंदण दिलं आणि पुढे शतकानुशतकं ते पोर्तुगालच्या राण्यांकडेच राहिलं. चॉकलेटची जत्रा मात्र २००२ पासूनची. इथे चॉकलेटची पिढीजात परंपरा शोधू नका. ती हवी असेल तर इटलीतल्या सिसिली बेटावरचं मोदिका गाव गाठावं लागेल. ओबिदुशचं स्वतःचं म्हणावं असं पेय म्हणजे जिंजा, आंबट चेरीची गोड दारू. ती चॉकलेटच्या इवल्याशा पेल्यात देतात. महोत्सव नसतानाही ती गावात बारा महिने मिळते.

ओबिदुश लिस्बनच्या उत्तरेला साधारण ८० किलोमीटरवर आहे. रेल्वेच्या नादी लागू नका: पश्चिम मार्गावरची गाडी रेंगाळत जाते आणि स्टेशन गावाच्या तटबंदीबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी आहे. तिथून चढ चढावा लागतो, आई-वडिलांना ते नको. लिस्बनच्या कांपु ग्रांद मेट्रो स्टेशनबाहेरून थेट बस सुटते. ती तासाभरात गावाच्या मुख्य वेशीजवळ, पोर्ता दा व्हिलापाशी, सोडते. परतीच्या बसचं वेळापत्रक उतरल्या उतरल्याच बघून ठेवा. संध्याकाळी सगळी जत्रा एकाच वेळी त्या थांब्यावर येते. अगदी शेवटच्या बसवर भरवसा ठेवू नका, तिच्या आधीची धरा.

महोत्सवाच्या तारखा दरवर्षी बदलतात आणि आठवड्यातले सगळे दिवस तो उघडा असेलच असं नाही. लिस्बनमधला मोकळा दिवस पक्का करण्याआधी नगरपालिकेने जाहीर केलेले वार बघा. शुक्रवार उघडा असेल तर शुक्रवारच घ्या. शनिवारी दुपारी रुआ दिरेइता, म्हणजे वेशीपासून किल्ल्यापर्यंत जाणारा मुख्य रस्ता, इतका चिंचोळा पडतो की माणसं पुढे सरकत नाहीत, ढकलली जातात. गावात शिरायला पैसे पडत नाहीत. तिकीट लागतं ते किल्ल्यालगतच्या आवारात, जिथे महोत्सव भरतो.

आत गेल्यावर क्रम असा ठेवा: आधी मुलीचं नाव मुलांच्या कार्यशाळेत घाला, कारण तिथल्या जागा मोजक्या असतात, मग चॉकलेटची शिल्पं, खाणं त्यानंतर, खरेदी अगदी शेवटी. सकाळी घेतलेली बॉनबॉन, म्हणजे आत सारण भरलेली छोटी चॉकलेटं, दिवसभर पाठपिशवीत पाठीच्या उबेने मऊ होतात.

महोत्सवात सर्वांत बघण्यासारखी शिल्पंच. दरवर्षी एक विषय ठरतो आणि त्यावर मोठाल्या मूर्ती आणि देखावे उभे करतात. दालन मुद्दाम थंड ठेवलेलं असतं, म्हणून आई-वडिलांचे स्वेटर हाताशी असू द्या. चॉकलेटमधलं कोकोबटर, म्हणजे कोकोच्या बियांतलं तूप, ३४ अंशांच्या आसपास वितळतं, पण त्याच्या बऱ्याच आधी मऊ पडायला लागतं, आणि शिल्पाच्या बारीक भागांना तेवढंही पुरतं. बघताना नुसतं ‘केवढं मोठं’ म्हणून पुढे जाऊ नका. पृष्ठभागाला चकाकी आहे का ते बघा. असेल तर चॉकलेट नीट टेम्पर केलेलं आहे: गडद चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवायचं, २७-२८ पर्यंत उतरवायचं आणि पुन्हा ३१-३२ वर आणून ओतायचं. यात कोकोबटरचे स्फटिक एका विशिष्ट जातीचे बनतात. तेच चकाकी देतात आणि मोडताना टक्कन आवाज करतात. दूध चॉकलेट याहून दोनेक अंश खाली चालतं, पांढरं आणखी थोडं खाली. पायरी चुकली की पृष्ठभाग मळकट दिसतो, राखाडी रेघा उमटतात.

फुलं, बोटं, कापडाच्या चुण्या अशा नाजूक गोष्टी बहुधा साच्यातल्या नसतात. त्या वळायच्या चॉकलेटच्या असतात, आणि मुलीला ते घरी सहज करता येईल. २०० ग्रॅम गडद चॉकलेट वितळवून कोमट होऊ द्या, त्यात १०० ग्रॅम कोमट ग्लुकोज सिरप घाला, गोळा जमेपर्यंतच हलकं ढवळा, झाकून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी मळा. पांढऱ्या चॉकलेटला सिरप कमी लागतं, २०० ग्रॅमला ५०-६० ग्रॅम. जास्त ढवळलं की तूप सुटतं आणि गोळा रवाळ होतो. सुटलेलं तूप टाकू नका. गोळा गार झाल्यावर ते त्यातच मळून घ्या.

जिंजा साधारण १८ ते २० टक्के अल्कोहोलची असते, त्यामुळे मुलीला पेला हवा असेल तर रिकामा मागा. पेला काठावर दोन बोटांनी धरायचा. मुठीत धरला तर पेय संपण्याआधी बूड मऊ होतं. प्यायचं आणि पेला खाऊन टाकायचा. महोत्सवाच्या आवारात रांग दिसली तर तिथे उभं राहू नका, मुख्य रस्त्यावर दर काही पावलांवर हेच मिळतं.

घरचे शाकाहारी असतील तर चॉकलेट मूस (फेसाळ, मऊ गोड पदार्थ) आणि मार्शमेलोमध्ये जिलेटिन असू शकतं, विचारून घ्या. पोर्तुगीज मिठायांचा अर्धा जीव अंड्याच्या बलकात आहे, तेव्हा केक आणि टार्ट अंड्याचेच धरा. साहित्याच्या यादीत ‘बान्या’ दिसलं तर ती डुकराची चरबी. भाजलेल्या गरम पावात बऱ्याचदा शोरिसू भरलेला असतो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, गोव्याच्या चोरीसचा मूळ भाऊ.

मार्चमध्ये समुद्रावरचा वारा आणि पाऊस दोन्ही असतात. रस्त्याचे गोटे गुळगुळीत झालेले आहेत, ओले झाले की पाय सटकतो. रबरी तळाचे बूट घाला. गावाच्या तटबंदीवरून दीडेक किलोमीटर चालता येतं आणि वरून गाव सुरेख दिसतं, पण आतल्या बाजूला कठडा नाही. पावसात तिथे कोणीच जाऊ नये, आणि मुलीला तर कोरड्या दिवशीही हाताला धरूनच न्या. आई-वडिलांसाठी किल्ल्याजवळचं सांतियागो चर्च बरं: आता तिथे पुस्तकांचं दुकान आहे, निवारा मिळतो.

आता खरेदी. पुण्याला न्यायला चॉकलेटच्या वड्याच (बार) घ्या, ७० टक्के किंवा त्याहून जास्त कोकोच्या, आत काही न भरलेल्या. त्या महिनोन्‌महिने टिकतात. गनाश, म्हणजे साय घातलेलं मऊ चॉकलेटचं सारण, भरलेली बॉनबॉन दोन-तीन आठवड्यांत संपवावी लागतात, ती लिस्बनमध्येच खाऊन टाका. वेष्टनावर साओ तोमे दिसलं तर ती वडी उचला. आफ्रिकेजवळच्या, एकेकाळी पोर्तुगीज असलेल्या या बेटांवर कोको ब्राझीलहून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आला आणि विसाव्याच्या सुरुवातीला ती बेटं जगातल्या मोठ्या उत्पादकांत होती. मळ्यांवरच्या सक्तमजुरीमुळे कॅडबरीने १९०९ मध्ये तिथला कोको घेणं बंद केलं. पोर्तुगालमध्ये चॉकलेट खाताना हा इतिहास ठाऊक असावा असं मला वाटतं.

विमानात वड्या हातातल्या सामानात ठेवा. मोठ्या बॅगेला विमानापेक्षा धावपट्टीवरचं ऊन जास्त बाधतं. पावावर लावायचं चॉकलेट मात्र सुरक्षा तपासणीत द्रव धरलं जातं, १०० मिलिलिटरवरची बरणी काढून घेऊ शकतात. ती आणि जिंजाची बाटली चेक-इनमध्ये, कपड्यांत गुंडाळून.

पुण्यात तोवर ऊन तापलेलं असेल. वड्या हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा, आणि बाहेर काढल्यावर डबा दोन-तीन तास उघडू नका. गार वडीला दमट हवा लागली की पाणी धरतं, साखर विरघळते आणि सुकल्यावर खरखरीत पांढरा थर उरतो. राखाडी डाग मऊ असेल आणि बोटाच्या उबेने नाहीसा होत असेल तर ते वर आलेलं कोकोबटर. दोन्ही प्रकारांत वडी खराब झालेली नसते. खायला रुचली नाही तर दुधात उकळून प्या.